बेसाची आजी

देवकीबाई हेवेदावे करणाऱ्यांतल्या नव्हत्या. असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत, तेव्हा खरंच असणार. शेजारच्या रुख्माबाईंनी घरावर दुसरा मजला चढवला, तेव्हा देवकीबाई एवढंच म्हणाल्या की पाया कच्चा आहे. धाकट्या जावेच्या मुलीला कॅनडातला नवरा मिळाला, तेव्हा एवढंच की तिकडे थंडी फार पडते. पण विहिणीची गोष्ट वेगळी होती. विहिणीचं नाव निघालं की त्यांच्या मनात जे यायचं, त्याला हेवा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

विहीण म्हणजे शामलाबाई. देवकीबाईंच्या सुनेची, अंजूची आई. इंग्रजी शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेल्यापासून नागपूरच्या टोकाला, बेसाच्या नव्या वस्तीत फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या, आणि कॉटनच्या साडीलाही इस्त्री केल्याशिवाय खाली न उतरणाऱ्या. आवाज कधी चढायचा नाही. रागावल्या तरी समोरच्याला वाटावं की कौतुकच चाललंय. भांडायला अशी माणसं फार वाईट. तोंड वाजवणारी बाई परवडते, तिला उत्तर देता येतं.

देवकीबाईंचं घर जुन्या नागपुरात, विणकरांच्या तांडापेठेत. सासऱ्यांच्या वेळी घरात दोन माग होते, रात्रंदिवस खटखट चालायची. आता माग गेले, आणि मागाच्या खड्ड्यावर फरशी बसून तिथे फ्रिज आला. मुलगा प्रज्वल एका औषध कंपनीत, सून विम्याच्या ऑफिसात. नातू अर्णव जन्मला तेव्हा अंजूची रजा संपल्या दिवसापासून पोर देवकीबाईंच्या मांडीवर आलं ते पाच वर्षं तिथून उतरलं नाही. पहिला दात तिथे आला, पहिलं पाऊल तिथे पडलं, आणि पहिली शिवीही तिथेच शिकला, पण ती आजोबांकडून, म्हणजे देवकीबाईंच्या यजमानांकडून, मारोतरावांकडून.

मग अर्णव पहिलीत गेला आणि सगळं बिनसलं. शाळा बेसा रोडची. शामलाबाईंनी सुचवलेली, त्यांच्याच ओळखीनं प्रवेश मिळालेली. अंजूचं ऑफिसही तिकडेच. शाळा सुटली की पोरानं बेसाच्या आजीकडे जायचं, संध्याकाळी अंजूनं त्याला स्कूटीवर घेऊन यायचं. सगळ्यांच्या सोयीचं होतं, देवकीबाईंची सोय तेवढी कोणी विचारली नव्हती. स्कूटी दारात थांबेपर्यंत अर्णव पेंगुळलेला असायचा. दोन घास खाऊन आडवा. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात. इथे साय बेसाला जात होती आणि तांडापेठेत भांडं खरवडायला येत होतं.

त्यातून त्या दोन घासांतही बेसा असायचंच. बेसाची आजी म्हणते, तोंडात घास असताना बोलू नये. बेसाची आजी म्हणते, पाणी बसून प्यावं. बेसाची आजी म्हणते, टीव्ही लांबून बघावा. देवकीबाईंनी हे सगळं पाच वर्षं घसा फोडून सांगितलं होतं, तेव्हा पोरानं कान झटकले होते. तेच शब्द बेसाहून स्कूटीवर बसून आले की वेदवाक्य. तरी त्यांना एका गोष्टीचा आधार होता. अर्णव त्यांना नुसतं आजी म्हणायचा. गावाचं नाव लावावं लागायचं ते तिला. घरची ती घरची, बाहेरची ती बाहेरची.

तो आधारही एका रविवारी गेला. अर्णव अंजूच्या फोनवर कोणा मित्राशी बोलत होता आणि देवकीबाई पलीकडे मेथी निवडत होत्या. मित्रानं विचारलं असावं की तू कुठे आहेस. अर्णव म्हणाला, मी तांडापेठच्या आजीकडे आहे. सहज म्हणाला. पोराच्या मनात काही नव्हतं. देवकीबाईंनी मात्र निवडलेली भाजी आणि काड्या एकाच टोपलीत टाकल्या.

शेपटीचं प्रकरण त्यानंतरचं. एका संध्याकाळी अर्णव नेहमीपेक्षा जागा होता. पुस्तकातल्या ओळींवरून बोट फिरवत, मध्येच थांबून ओरडायचा, सापडली, सापडली. काय सापडलं म्हणून देवकीबाई जवळ गेल्या. त्यानं समजावलं. बेसाच्या आजीनं सांगितलं होतं की इंग्रजी शब्दांना शेपट्या असतात. टी, आय, ओ, एन अशी चार अक्षरं शेवटी दिसली की डोळे मिटून ‘शन’ म्हणायचं. शेपटी एकदा पाठ झाली की ती पुन्हा पुन्हा शिकावी लागत नाही, नुसतं पुढचं तोंड बदलायचं. स्टेशनचं तोंड वेगळं, ऑपरेशनचं वेगळं, शेपटी तीच. पोराला एवढे मोठमोठे शब्द वाचता येत होते की देवकीबाईंचा ऊर भरून आला, आणि हे शिकवलं कोणी ते आठवून लगेच रिकामाही झाला.

पण युक्ती त्यांना चटकन कळली. माहेरी आणि सासरी त्यांनी तेच तर केलं होतं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की सगळाच काढून नाही टाकत. जुन्या धाग्यांची टोकं फणीत तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडायचा. सांधणं म्हणतात त्याला. हे काम बायकांचं, बोटं बारीक लागतात. शेपटी मागात राहते आणि नवं लुगडं तिला धरून पुढे येतं. मग इंग्रजीत काय वेगळं आहे? देवकीबाईंनी बसल्या बसल्या सांधायला सुरुवात केली. भाकर घेतली, शेपटी जोडली, भाकरेशन. झाडू घेतला, झाडूशन. मारोतराव दारातून येताना दिसले, त्यांना मारोतेशन केलं.

अर्णव हसून हसून जमिनीवर लोळला. मग त्यानं कढीशन केलं, चप्पलेशन केलं, त्या दोघांनी घरातली एक वस्तू सोडली नाही. खरा शब्द कोणता नि खोटा कोणता याची शुद्ध राहिली नाही. अंजू दोनदा सांगून गेली की झोपायची वेळ झाली, पण कोणी ऐकलं नाही. कित्येक महिन्यांनी तो देवकीबाईंच्या कुशीत झोपला, आणि झोपेतही एकदा हसला.

दुसऱ्या दिवशी पोरानं तो खेळ बेसाला नेला. संध्याकाळी आल्या आल्या त्यानं बातमी दिली. बेसाची आजी खूप हसली. तिनंही एक केलं, उशीशन. आणि म्हणाली, देवकीआजी फार क्रिएटिव्ह आहेत. देवकीबाईंना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण शामलाबाईंच्या तोंडून आला म्हणजे पाठ थोपटून मारलेली चापट असणार, एवढं त्यांनी ओळखलं. मारोतरावांना विचारलं तर ते म्हणाले, चांगलाच असन. माणसांना बायकांच्या बोलण्यातलं काही कळत नाही. अर्थ चांगला का असेना, तो खेळ त्यांचा दोघांचा होता. त्यात तिसरीनं एक उशी टाकायचं कारण नव्हतं. त्या दिवसापासून देवकीबाईंनी एकही शब्द सांधला नाही, आणि पोरानं हट्ट केला तर डोकं दुखतं म्हणाल्या.

अशातच शाळेनं आजी-आजोबांचा दिवस ठरवला. इंग्रजी शाळांना दिवस पुरत नाहीत, पिवळ्या रंगाचा दिवस असतो, फळांचा दिवस असतो, तसा हा. पहिलीच्या मुलांसाठी शब्दांचा खेळ होता. मूल आणि आजी किंवा आजोबा अशा जोडीनं स्टेजवर जायचं. एकदा मुलानं ‘शन’च्या शेपटीचा शब्द सांगायचा, एकदा मोठ्यानं. टीचरच्या तीन टाळ्यांत नवा शब्द आला नाही, तर जोडी बाद. शेवटी उरेल त्या जोडीला मेडल. खाली बसायला कोणीही यावं, पण स्टेजवर एका मुलामागे एकच माणूस.

अर्णवनं हे सगळं जेवताना सांगितलं आणि पुढे म्हणाला, “बेसाची आजी येणार आहे माह्यासोबत. तिले सगळे शब्द येते.”

घरात कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रज्वलनं मान हलवली. अंजूनं तर सासूच्या पानात पोळी वाढता वाढता सांगून टाकलं की तिथे सगळं इंग्रजीतच असते आई, तुम्हाले उगाच बोअर होईल. पोरगी वाईट नव्हती, मनापासूनच म्हणाली होती. देवकीबाईंनी ती पोळी खाल्ली, भांडी आवरली, मग न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. पाच वर्षं पोराचं हगणं-मुतणं काढलं तेव्हा कोणी म्हटलं नाही की तुम्हाले बोअर होईल. आता चार लोकांसमोर त्याचं बोट धरून उभं राहायची वेळ आली, तर ती बेसाची.

नळ बंद केला तेव्हा त्यांचं ठरलं होतं. स्टेजवर त्याच जाणार होत्या.

त्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या, शब्द आणि हक्क. शब्दांपासून सुरुवात झाली. आता खोटे चालणार नव्हते, आणि शोधू लागल्यावर त्यांना कळलं की खरे शब्द घरादारात सांडलेलेच आहेत. राशनच्या दुकानात राशन होतंच. विजेचं कनेक्शन, महापालिकेचं कॉर्पोरेशन, दर वेळी गल्लीत गाड्या फिरवणारं इलेक्शन. मारोतराव एका लग्नाच्या लॉनवर राखणदारी करायचे. त्यांनी रोज एकेक शब्द आणायचा असं फर्मान निघालं. ते बिचारे रिसेप्शन घेऊन आले, डेकोरेशन घेऊन आले, आणि एकदा पोट बिघडलं तर मोशन घेऊन आले. देवकीबाईंनी तोही ठेवून घेतला. शब्द खरा आहे का याची खात्री त्या रुख्माबाईंच्या नातीकडून करून घेत. ती बारावीत होती आणि तिला कोणाला काही सांगायचं नाही अशी शपथ घातलेली होती.

तिनंच एकदा टेन्शन बाद केला. त्याची शेपटी म्हणे दुसऱ्या अक्षरांची असते, ऐकायला सारखी, लिहायला वेगळी. देवकीबाई तिच्यावर चिडल्या. नागपुरात सकाळपासून रात्रीपर्यंत जो शब्द सगळ्यात जास्त चालतो तोच चालत नाही म्हणजे खेळ करणाऱ्याचंच काही चुकलं असणार. पण नियम तो नियम. टेन्शन सोडून दिला आणि त्याच्या जागी ट्यूशन धरला. भांडी घासताना, फोडणी देताना, देवळातल्या आरतीतही त्यांचे ओठ हलत असायचे. आरतीच्या वेळी बायकांना वाटायचं, देवकीबाईंचं चित्त किती लागलंय.

राहिला हक्क. त्यासाठी त्या बेसाला गेल्या. सोबत कोथिंबिरीच्या सांभारवडीचा डबा नेला, कारण भांडायला रिकाम्या हातानं जाऊ नये. शामलाबाईंनी दार उघडलं, या विहीणबाई म्हणाल्या, पंखा लावला, पाणी दिलं. सोफ्यावर अर्णवचा स्वेटर होता, भिंतीला त्यानं काढलेलं चित्र होतं, आणि चित्रात झाडाखाली एकच आजी होती. ती कोणती ते कळायला मार्ग नव्हता. देवकीबाईंनी तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

वड्यांची स्तुती झाली. हवापाण्याचं झालं. मग देवकीबाईंनी पदर सावरून विषय काढला. त्यांच्यात लग्नात मुलीच्या आईनं मुलाच्या आईचे पाय धुवायचे असतात. चांदीच्या नाही तर पितळेच्या ताटात, सगळ्या पाहुण्यांसमोर. अर्णवच्या आईबापांच्या लग्नात हॉल लवकर रिकामा करायचा होता म्हणून ते राहून गेलं. शामलाबाईंनी तेव्हा नुसते हात हातात घेतले होते आणि एक फुलांचा गुच्छ दिला होता.

“पाय धुवायचे राहून गेले होते,” देवकीबाई म्हणाल्या. “मी कधी बोलली नाही. मनातही आणलं नाही. पण मान तर मुलाच्या आईचाच असते ना, शामलाबाई? तेव्हाचा राहिला, तर आता तरी द्या. अर्णवसोबत मी जाईन.”

मनात आणलं नाही हे धादांत खोटं होतं. त्यांनी ते सात वर्षं रोज मनात आणलं होतं. वाटेत ऑटोत बसून त्यांनी पुढच्या भांडणाचीही तयारी केली होती. ती असं म्हणेल, मग आपण तसं म्हणू. शामलाबाई म्हणतील की नाव आधीच दिलंय, म्हणतील की इंग्रजीचं काय, म्हणतील की अर्णवला विचारा. सगळ्याला उत्तर तयार होतं.

शामलाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, “तुम्हीच जा. तुमच्याच मांडीवर वाढलाय तो. शाळेत मी सांगते.”

झालं. एवढंच. भांडण मिळालंच नाही. देवकीबाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण कोणीतरी जड पाटी उचलायला म्हणून जोर लावावा आणि पाटी रिकामी निघावी तसं त्यांचं झालं. वर शामलाबाईंनी विचारलं की थोडी तयारी करून देऊ का, खेळात काय काय विचारतात ते सांगते. मले येते, असं म्हणून देवकीबाई उठल्या. लिफ्टनं खाली येताना त्यांना वाटलं, एवढं सहज दिलं म्हणजे हिच्याकडे किती असेल. 

अर्णव आधी हिरमुसला. त्याला मेडल हवं होतं आणि मेडल कोणाच्या सोबतीनं मिळेल हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण देवकीबाईंनी ओळीनं शब्द म्हणून दाखवले तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. आजी, तुले एवढे येते? मग दोघांनी रोज संध्याकाळी सराव केला. खरे शब्द, खरी शेपटी, हसणं कमी. मेडल घराच्या दारावर लावायचं की बेसाला न्यायचं, यावर बोलणं निघालं की देवकीबाई म्हणायच्या, आधी मिळू तर दे.

तो दिवस शनिवारचा होता. देवकीबाईंनी करवती काठाची साडी नेसली, मारोतरावांनी मागावर विणलेली शेवटची. मोकळ्या मैदानात मांडव घातला होता, पुढे स्टेज, बाजूला लोखंडी जिना. खाली खुर्च्यांवर आईबाप फोन वर धरून बसले होते. तिसऱ्या रांगेत कडेला शामलाबाई होत्या. शाळेतल्या सगळ्या शिक्षिका येऊन त्यांच्या पाया पडत होत्या. देवकीबाईंनी ते स्टेजवरून पाहिलं आणि पदर आणखी ओढून घेतला.

खेळ सुरू झाला. पहिल्याच फेरीत एक आजोबा टेन्शन म्हणून बाद झाले, तेव्हा देवकीबाईंना त्यांची दया आली. दुसरी एक आजी, जीन्स घातलेली, तिसऱ्या फेरीत अडली. जोड्या गळत गेल्या. अर्णव आपले अवघड शब्द सोडत होता, देवकीबाई आपले सोपे. राशन म्हटल्यावर खाली टाळ्या पडल्या. मोशन म्हटल्यावर हशा झाला, पण टीचर म्हणाली, करेक्ट. अर्णवनं त्यांचा हात दाबला. त्या गर्दीत, त्या उन्हात, त्यांना जन्मात वाटलं नव्हतं इतकं सुख वाटलं. बघ म्हणावं बेसावाली, बघ.

शेवटी दोन जोड्या राहिल्या. दुसरी जोडी म्हणजे एक चष्म्याची मुलगी आणि तिचे आजोबा, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे यंत्रांचे शब्द होते, ते संपतच नव्हते. जनरेशन झालं, इन्स्टॉलेशन झालं. मुलीनं काहीतरी म्हटलं, अर्णवनं लगेच व्हेकेशन म्हटलं. आजोबांनी थांबत थांबत एक शब्द काढला. त्यांचंही सरत आलं होतं हे दिसत होतं.  मग देवकीबाईंची बारी आली आणि त्यांचं डोकं स्वच्छ पुसलं गेलं.

सगळे म्हणून झाले होते. राशन, कनेक्शन, इलेक्शन, सगळे. टीचरनं पहिली टाळी वाजवली. तिसरी वाजेपर्यंत वेळ होता. देवकीबाईंची नजर भिरभिरत खाली गेली आणि तिसऱ्या रांगेवर थांबली. शामलाबाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. त्यांनी उजव्या हाताचं बोट डाव्या दंडात टोचलं. एकदा, पुन्हा एकदा. चेहरा असा, जणू त्यांचंच काही पणाला लागलंय. दोघींची नजर सरळ एकमेकींना भिडली.

इंजेक्शन.

शब्द त्यांच्या जिभेवर आलाही. किती सोपा, आणि खरं तर त्यांचाच. अर्णवला लस टोचायला दर खेपेला त्याच घेऊन गेल्या होत्या. पोर किंचाळायचं तेव्हा त्यांनीच त्याला छातीशी धरलं होतं. पण आता तो शब्द त्यांचा राहिला नव्हता, तिकडून आला होता. म्हटला तर मेडल पडणार अर्णवच्या गळ्यात आणि मान पडणार बेसाला. पोरगं जन्मभर सांगत राहणार की आजी अडली होती, पण बेसाच्या आजीनं सांगितलं. दिलेला मान तिनं दिलेला, दिलेला शब्दही तिनंच दिलेला. मग स्टेजवर त्या उभ्या होत्या कशाला? दुसरी टाळी वाजली. देवकीबाईंनी ओठ मिटून घेतले. अर्णव त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तिसरी टाळी वाजली.

अर्णवची जोडी बाद झाली, चष्म्याच्या मुलीच्या गळ्यात मेडल पडलं, फोन वर झाले. अर्णवला रंगीत पेन्सिलींचं पाकीट मिळालं. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो पाकीट हातात धरून उभा राहिला, मग जिन्याकडे वळता वळता थांबला.

“आजी, बेसाच्या आजीनं इंजेक्शन दाखवलं होतं. मले दिसलं. पण माही बारी नव्हती ना, तुही होती.” त्याचा आवाज आत्ताच कुठे कापू लागला होता. “तुले नाही दिसलं?”

दिसलं, असं म्हणायला हवं होतं. दिसलं बेटा, आणि मी मुद्दाम नाही म्हटलं, कारण तुही ही आजी जळकुटी आहे. तेच खरं होतं. देवकीबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की आज आपण काय गमावायला निघालो होतो, आणि ते खरं बोलून गमावायची आपली छाती नाही.

“नाही दिसलं गा,” त्या म्हणाल्या. “मले दूरचं दिसतच नाही आता.”

अर्णवच्या चेहऱ्यावरचा रुसवा एकदम ओसरला. त्यानं पेन्सिलींचं पाकीट काखेत खुपसलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग दिसत नाही हे तू सांगितलं काहून नाही, म्हणून रागावला. आता हळू चाल म्हणाला, इथून जिना सुरू होते. देवकीबाई त्याच्या मागे चालू लागल्या. त्याचे हात गरम होते, आणि किती दिवसांनी तो एवढं घट्ट धरून होता.

जिन्याच्या पायथ्याशी शामलाबाई आल्या होत्या. त्यांनी अर्णवकडे हात पुढे केला, नेहमी शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला करत असतील तसाच.

“तू बाजूले हो,” अर्णव त्यांना म्हणाला. “हिले दिसत नाही. मी आणून राहिलो.”

शामलाबाईंनी वर पाहिलं. देवकीबाईंनीही खाली पाहिलं. लपवायला काहीच जागा नव्हती. त्या बाईला सगळं कळलं होतं, आधी स्टेजवरचं आणि आता हे. एक शब्द बोलली असती तर खेळ तिथेच संपला असता.  देवकीबाईंना वाटलं, बोल, बोलून टाक एकदाचं, म्हणजे मले तुहा राग तरी करता येईल.

“बरं,” शामलाबाई अर्णवला म्हणाल्या. “सांभाळून आण हं.” त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला, साडीची घडी उगाच नीट केली, आणि वाट मोकळी करून कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

देवकीबाईंना त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. चष्म्याच्या काचेमागचे डोळे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि तो रिकामा हात. त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली, हे त्यांनाच ऐकू येत होतं, सुख वाटत होतं. आजपर्यंत त्या बाईनं त्यांना सगळं दिलं होतं. ही एक गोष्ट त्यांनी तिच्याकडून हिसकावून घेतली होती, आणि ती सोडायला त्यांचा हात तयार नव्हता.

“आता पायरी आहे आजी,” अर्णव म्हणाला. “पाय टाक.”

पायरी उन्हात लख्ख दिसत होती. देवकीबाईंनी ती आधी पायानं चाचपली आणि मगच खाली उतरल्या.